शंभर अँपिअर, दहा नॅनोसेकंद: पल्स जनरेटर बांधण्याआधी



एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला पल्स जनरेटर म्हणजे टेबलावरचा एक डबा. बटण फिरवलं की चौकोनी लहर देणारा. असा डबा ५० ओहमच्या लोडमध्ये १० व्होल्ट देत असेल, तर करंट झाला ०.२ अँपिअर. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये आलात की गाइड सांगतात, ‘१०० अँपिअरचा पल्स हवा, राइज टाइम १० नॅनोसेकंद.’ म्हणजे डब्याच्या ५०० पट करंट, आणि तोही तेवढ्याच घाईत. बरेचदा हा जनरेटर स्वतःच बांधावा लागतो, कारण तो तुमच्या सेटअपला अगदी चिकटून बसवायचा असतो.

आजच्या लेखात आपण कागदावर असा एक जनरेटर डिझाइन करू. सर्किट म्हणून तो अगदी साधा आहे: एक कपॅसिटर, एक स्विच, एक रेझिस्टर. अवघड गोष्ट सर्किटच्या आकृतीत दिसतच नाही. ती या तीन वस्तू एकमेकींपासून किती अंतरावर ठेवल्या आहेत, यात आहे.

असा पल्स लागतो कशाला?

सिलिकॉन कार्बाइड आणि गॅलियम नायट्राइडचे स्विच काही नॅनोसेकंदांत चालू-बंद होतात. चालू-बंद होताना किती ऊर्जा वाया जाते, हे मोजण्यासाठी ‘डबल पल्स टेस्ट’ करतात. समजा ४०० व्होल्टचा पुरवठा आणि १०० मायक्रोहेन्रीचा इंडक्टर आहे. पहिला पल्स १२.५ मायक्रोसेकंद चालला की इंडक्टरमध्ये ५० अँपिअर साठतात. तिथे स्विच बंद करायचा आणि टर्न-ऑफची ऊर्जा मोजायची. थोड्या विश्रांतीनंतर दुसरा पल्स द्यायचा आणि टर्न-ऑनची ऊर्जा मोजायची. व्होल्टेज आणि करंट यांचा गुणाकार करून क्षेत्रफळ काढलं की झालं.

आता यातली गोम बघा. करंटचा सिग्नल स्कोपवर व्होल्टेजपेक्षा फक्त ५ नॅनोसेकंद उशिरा पोचला, तर चूक किती? ४०० × ५० × ५ नॅनोसेकंद, म्हणजे १०० मायक्रोज्यूल. जी ऊर्जा मोजायची, तीच कित्येकदा या घरातली असते. आणि ५ नॅनोसेकंद उशीर व्हायला मोठं काही घडावं लागत नाही. करंटच्या सेन्सरची कोअ‍ॅक्शियल केबल १ मीटर जास्त लांब असली तरी पुरे.

आणखी एक गंमत आहे. करंट उशिरा दिसला की टर्न-ऑफची ऊर्जा जास्त येते आणि टर्न-ऑनची कमी येते. दोन्ही चुका जवळपास सारख्याच, फक्त उलट चिन्हाच्या. त्यामुळे बेरीज ठीक येते आणि वाटणी चुकते. एकूण आकडा डेटाशीटशी जुळतोय म्हणून तुम्ही निर्धास्त होता, आणि ‘टर्न-ऑन लॉस आमच्या पद्धतीने कमी झाला’ असा निष्कर्ष पेपरमध्ये जातो, जो खरं तर केबलचा निष्कर्ष असतो.

म्हणून आधी सेन्सर तपासायचा. त्यासाठी असा पल्स हवा, ज्याचा आकार आपल्याला आधीच माहीत आहे. शॉर्ट सर्किटपासून वाचवणाऱ्या सर्किटची चाचणी हे दुसरं कारण. जुन्या पद्धतीचे अनेक आयजीबीटी शॉर्ट सर्किट १० मायक्रोसेकंद सोसतात. सिलिकॉन कार्बाइडचे मॉस्फेट बरेचदा २-३ मायक्रोसेकंदच सोसतात. संरक्षण वेळेत धावून येतं का, हे महागडं डिव्हाइस पणाला न लावता बघायचं, तर हाताशी ठरावीक, वेगवान, मोठा करंट पाहिजे.

सगळं एका समीकरणात

बारावीपासून पाठ असलेलं समीकरण घ्या: इंडक्टन्सवरचं व्होल्टेज = इंडक्टन्स × करंट बदलण्याचा वेग. आपला वेग आहे १० नॅनोसेकंदांत १०० अँपिअर, म्हणजे दर नॅनोसेकंदाला १० अँपिअर. मग प्रत्येक १ नॅनोहेन्रीवर १० व्होल्ट पडणार. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सरळ तारेचा एक सेंटिमीटर म्हणजे ढोबळमानाने ८ ते १० नॅनोहेन्री. कपॅसिटरपासून स्विचपर्यंत पाच सेंटिमीटरची तार जोडली, तर फक्त त्या तारेवर ४०० ते ५०० व्होल्ट खर्च व्हायला हवेत. तुमच्या कपॅसिटरवर तेवढे व्होल्ट नसतील, तर करंट सरळ हळू चढेल. तार जाड केली तर? फारसा फरक पडत नाही. जाडीने रेझिस्टन्स झपाट्याने कमी होतो, इंडक्टन्स मात्र अगदी सावकाश. इंडक्टन्स ठरतो तो जाणारा आणि परतणारा करंट यांच्यामध्ये जी मोकळी जागा वेढली जाते, तिच्यावर. यालाच आपण लूप म्हणतो.

म्हणून तार नकोच. पीसीबीवर तांब्याचा एक रुंद पट्टा जाण्यासाठी आणि नेमका त्याच्याखाली दुसरा परतण्यासाठी ठेवायचा. अशा जोडीचा इंडक्टन्स काढायला सोपं सूत्र आहे: पट्ट्यांमधलं अंतर भागिले रुंदी, गुणिले लांबी, गुणिले १.२६. मापं मिलिमीटरमध्ये घातली की उत्तर नॅनोहेन्रीत येतं. पट्टा २० मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब घ्या. साध्या दोन थरांच्या बोर्डात अंतर १.६ मिलिमीटर, म्हणून सुमारे ३ नॅनोहेन्री. चार थरांच्या बोर्डात वरच्या दोन थरांमधलं अंतर ०.२ मिलिमीटर धरलं, तर ०.४ नॅनोहेन्रीपेक्षाही कमी. पार्ट तेच, आकृती तीच, फक्त बोर्डाची आतली रचना बदलली आणि लूपचा इंडक्टन्स आठपट घटला.

रेझिस्टर इथे मित्र आहे

नव्याने डिझाइन करणाऱ्याला वाटतं, मोठा करंट हवा म्हणजे रेझिस्टन्स शक्य तितका कमी हवा. इथे उलट विचार करा. इंडक्टन्स आणि रेझिस्टन्स एका रांगेत असताना करंटचा राइज टाइम असतो २.२ × इंडक्टन्स ÷ रेझिस्टन्स. रेझिस्टन्स वाढवला तर पल्स वेगवान होतो. करंट तेवढाच ठेवायचा, तर व्होल्टेज वाढवायचं, बस.

आपल्या लूपचं बजेट ४ नॅनोहेन्री ठेवू. रेझिस्टन्स १.१ ओहम घेतला, तर राइज टाइम बरोबर ८ नॅनोसेकंद आणि १०० अँपिअरसाठी व्होल्टेज ११०. लूप २० नॅनोहेन्रीचा राहिला असता, तर त्याच वेगासाठी ५.५ ओहम आणि ५५० व्होल्ट लागले असते. म्हणजे निष्काळजी मांडणीची किंमत व्होल्टेजमध्ये मोजावी लागते.

पल्स पॉवरच्या मोठ्या यंत्रांत व्होल्टेज वाढवण्याचाच रस्ता घेतात. एर्विन मार्क्स यांनी १९२४ मध्ये मांडलेल्या मार्क्स जनरेटरमध्ये कपॅसिटर समांतर जोडून चार्ज करतात आणि एकापाठोपाठ एक जोडून रिकामे करतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ‘काली’, म्हणजे किलो अँपिअर लिनियर इंजेक्टर, या यंत्रमालिकेतही मार्क्स जनरेटर आहे. आपलं काम टेबलावरचं आहे, म्हणून आपण लूप लहान करण्याचा रस्ता धरू. तो स्वस्त आहे आणि जिवाला कमी धोक्याचा.

१.१ ओहमचा एकच मोठा रेझिस्टर घेऊ नका. वायरवाउंड तर मुळीच नको, तो म्हणजे गुंडाळी, आयता इंडक्टर. ५६ ओहमचे ५० चिप रेझिस्टर समांतर लावा, १.१२ ओहम मिळतील. प्रत्येकातून २ अँपिअर जातील. ५० वाटा समांतर असल्यामुळे त्यांचा इंडक्टन्सही कमी होतो. एका रेझिस्टरवर पल्सच्या वेळी २२४ वॅट पडतात. आकडा भीतीदायक आहे, पण पल्स १ मायक्रोसेकंदाचा असेल तर ऊर्जा ०.२२ मिलिज्यूलच. रेझिस्टर घेताना डेटाशीटमधल्या साध्या वॅटेजवर जाऊ नका, पल्स सोसण्याचा आलेख बघा.

अख्ख्या जनरेटरचा हिशोबही असाच आहे. ११० व्होल्ट आणि १०० अँपिअर म्हणजे क्षणिक ११ किलोवॅट. पण एका पल्सची ऊर्जा ११ मिलिज्यूल. सेकंदाला ५ पल्स दिले तर सरासरी ०.०५५ वॅट. म्हणून हे सगळं हाताएवढ्या बोर्डावर, पंख्याशिवाय बसतं.

कपॅसिटर: ज्याला घाई, तो जवळ

१०० अँपिअर १ मायक्रोसेकंद म्हणजे १०० मायक्रोकूलोम चार्ज. एकूण ५० मायक्रोफॅरड असतील तर व्होल्टेज २ व्होल्टने उतरेल, ११० पैकी दोन टक्क्यांहून कमी. पल्सचा माथा पुरेसा सपाट राहील.

पण हे ५० मायक्रोफॅरड एका मोठ्या फिल्म कपॅसिटरमध्ये असतील, तर त्याच्या पायांचा आणि आतल्या रचनेचा इंडक्टन्सच आपल्या बजेटच्या कितीतरी पट असतो. म्हणून काम वाटून द्यायचं. स्विचच्या अगदी शेजारी बरेच छोटे सिरॅमिक चिप कपॅसिटर समांतर ठेवायचे. पहिल्या काही नॅनोसेकंदांचा करंट ते देतात. त्यांच्या मागे, थोड्या अंतरावर, तीन-चार फिल्म कपॅसिटर समांतर. ते नंतर सावकाश भार उचलतात. या दोन फळ्यांमध्ये एक छोटासा झोका तयार होतो आणि पल्सच्या माथ्यावर हलकी लाट दिसते. सिरॅमिकची संख्या वाढवली आणि फिल्मची जोडणी आखूड केली की ती बसते.

सिरॅमिक निवडताना एक खबरदारी घ्या. एक्स-सेव्हन-आर जातीच्या सिरॅमिकची कपॅसिटी डीसी व्होल्टेज वाढवलं की घटते, आणि रेटेड व्होल्टेजजवळ ती निम्म्याहूनही खाली जाऊ शकते. पाकिटावर लिहिलेल्या किमतीवर हिशोब करू नका.

स्विच आणि त्याचं गेट

टीओ-२४७ सारख्या पायांच्या पॅकेजमधला मॉस्फेट घेतला, तर पायांमध्येच १० नॅनोहेन्रीच्या आसपास जातात. बजेट तिथेच संपलं. पण त्याहून वाईट गोष्ट गेटची होते. सोर्सचा पाय मोठ्या करंटसाठी आणि गेटच्या करंटसाठी सामाईक असतो. त्यात समजा ५ नॅनोहेन्री आहेत. करंट चढायला लागला की या पायावर पडलेलं व्होल्टेज गेटच्या व्होल्टेजमधून वजा होतं. गेट ड्रायव्हरकडे जेमतेम १० व्होल्ट खर्चायला असतील, तर करंटचा वेग १० ÷ ५, म्हणजे नॅनोसेकंदाला २ अँपिअरवर अडकतो. १०० अँपिअर गाठायला ५० नॅनोसेकंद लागतील. गेट ड्रायव्हर कितीही तगडा आणा, स्विच स्वतःच स्वतःचा पाय ओढतो.

यावर उपाय दोन. एक, गेटच्या परतीसाठी वेगळा सोर्स पाय असलेलं पॅकेज. दोन, पायच नसलेली, थेट बोर्डावर बसणारी गॅलियम नायट्राइडची डिव्हाइस. त्यांचा स्वतःचा इंडक्टन्स १ नॅनोहेन्रीच्या आत असू शकतो. मात्र त्यांच्यापैकी अनेकांच्या गेटची मर्यादा ६ व्होल्ट असते आणि चालवायचं असतं ५ व्होल्टवर. मोकळीक एका व्होल्टची. म्हणून गेटचा लूपही तितकाच लहान आणि मुख्य लूपपासून वेगळा पाहिजे.

स्विचचा स्वतःचा चालू होण्याचा वेळ ५ नॅनोसेकंद धरला, तर एकूण राइज टाइम काढताना वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं: ८ आणि ५ चं होतं ९.४. दहाच्या आत बसलो. स्विच बंद होताना ४ नॅनोहेन्रीवर ४० व्होल्ट उसळी येऊ शकते, म्हणजे डिव्हाइसवर १५० व्होल्ट. २०० व्होल्टचं डिव्हाइस निवडा.

मोजणार कसं?

आता सर्वांत नाजूक भाग. १ मिलिओहमचा साधा चिप रेझिस्टर शंट म्हणून लावला, तर १०० अँपिअरला सिग्नल मिळेल ०.१ व्होल्ट. त्याच रेझिस्टरचा इंडक्टन्स फक्त १ नॅनोहेन्री असला, तरी करंट चढताना त्यावर १० व्होल्ट येतील. खऱ्या सिग्नलच्या शंभरपट! स्क्रीनवर भलामोठा काटा दिसेल आणि तुम्ही त्याला ‘करंट ओव्हरशूट’ असं नाव द्याल. आडात नसलेलं पोहऱ्यात दिसायला लागतं, ते असं.

कोअ‍ॅक्शियल शंटमध्ये ही अडचण रचनेनेच सोडवलेली असते. करंट एका पातळ रेझिस्टिव्ह नळीतून जातो आणि बाहेरच्या नळीतून परततो. आतल्या नळीच्या पोकळीत चुंबकीय क्षेत्र नसतं. मोजणारी तार त्याच पोकळीतून बाहेर काढलेली असते, म्हणून तिला फक्त रेझिस्टन्सवरचं व्होल्टेज दिसतं. १० मिलिओहमचा असा शंट १०० अँपिअरला स्वच्छ १ व्होल्ट देतो. पण तो लूपमध्ये बसतो, त्यामुळे स्वतःचा थोडा इंडक्टन्स घेऊन येतो. आपल्या ४ पैकी जवळपास निम्मं बजेट त्याच्यासाठी राखून ठेवा.

रोगोव्स्की कॉइल लूप न तोडता घालता येते, हा तिचा फायदा. मर्यादा बँडविड्थची. सेन्सरचा स्वतःचा राइज टाइम नॅनोसेकंदांत काढायला ३५० ला मेगाहर्ट्झने भागा. ३० मेगाहर्ट्झच्या कॉइलचा राइज टाइम झाला सुमारे ११.७ नॅनोसेकंद. तुमचा खरा १० नॅनोसेकंदांचा पल्स ती १५.४ नॅनोसेकंदांचा दाखवेल. १०० मेगाहर्ट्झचा सेन्सर १०.६ दाखवेल. हा हिशोब सेन्सर विकत घेण्याआधी करायचा असतो.

आपल्याच आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी

पल्स दिसला म्हणून लगेच फोटो काढून गाइडना पाठवू नका. आधी या तीन चाचण्या करा. तिन्ही मिळून एक दुपार जाईल.

पहिली, शून्य चाचणी. प्रोबचं टोक आणि त्याचा ग्राउंड दोन्ही एकाच बिंदूला लावा आणि पल्स सोडा. स्क्रीनवर सरळ रेष यायला हवी. जे काही वळवळताना दिसेल, ती तुमच्या मोजणीतली भर आहे, डिव्हाइसची नाही. प्रोबच्या ग्राउंडची लांब मगर-क्लिप काढून छोटी स्प्रिंग लावा आणि पुन्हा बघा. फरक डोळ्यांनी दिसेल.

दुसरी, चार्जचा हिशोब. पल्सच्या करंटचं क्षेत्रफळ म्हणजे गेलेला चार्ज. तो कपॅसिटी गुणिले उतरलेलं व्होल्टेज याच्याशी जुळायला हवा. ५० मायक्रोफॅरडवर २ व्होल्ट उतरले तर १०० मायक्रोकूलोम गेले. व्होल्टेजचा हा फरक सावकाश मोजता येतो, त्याला वेगवान सेन्सर लागत नाही. कपॅसिटी मात्र चालू व्होल्टेजला मोजलेली हवी. चार्जिंग तोडून कपॅसिटर ४७ किलोओहममधून रिकामे होऊ द्या आणि ११० वरून १०० व्होल्टला यायला किती वेळ लागतो ते बघा. ५० मायक्रोफॅरड असतील तर सुमारे २२४ मिलिसेकंद. म्हणजे नॅनोसेकंदांच्या मोजणीची साक्ष मिलिसेकंदांच्या मोजणीने काढली. दोन्ही आकडे जुळले, तर शंटच्या उंचीवर भरवसा ठेवता येतो.

तिसरी, केबल बदलून बघा. करंट आणि व्होल्टेजच्या केबलींची अदलाबदल करा, एखादी १ मीटर लांब घ्या. सिग्नल तेवढाच, सुमारे ५ नॅनोसेकंद, सरकायला हवा. जो सरकतो पण आकार बदलत नाही, तो खरा सिग्नल. आकारच बदलला, तर केबलचं टोक ५० ओहमने नीट संपवलेलं नाही किंवा ग्राउंडमधून भलताच करंट फिरतोय.

सुरक्षिततेबद्दल थोडं

५० मायक्रोफॅरड आणि ११० व्होल्टला साठलेली ऊर्जा ०.३ ज्यूल. पण तोच बोर्ड पुढे कोणी ८०० व्होल्टला नेला, तर ती १६ ज्यूल होते. हा आकडा गंभीर आहे. वर वापरलेला ४७ किलोओहमचा रेझिस्टर कपॅसिटरवर कायमचा जोडून ठेवा, म्हणजे पुरवठा तुटल्यावर १२-१५ सेकंदांत बँक जवळपास रिकामी होते. व्होल्टेज वाढवलंत तर त्याचं वॅटेज पुन्हा काढा. तरीही हात लावण्याआधी मीटरने तपासा. पुरवठा आणि कपॅसिटर यांच्यामध्ये १ किलोओहम ठेवा. स्विच निकामी होऊन चालूच राहिला, तरी पुरवठ्यातून ०.११ अँपिअरच्या वर करंट जाणार नाही. त्या वेळी या रेझिस्टरवर १२ वॅट पडतील, म्हणून तो तेवढं सोसणारा घ्या. आणि स्कोपच्या प्लगची अर्थिंगची पिन कापून ‘फ्लोटिंग’ मोजणी कधीही करू नका. वाद न घालता डिफरन्शियल प्रोब मागा, किंवा शंटची एक बाजूच ग्राउंड ठरेल अशी मांडणी करा.

शेवटी, वहीबद्दल

सिनॉप्सिस लिहिताना आपण सर्किटची आकृती काढतो आणि पार्टची यादी देतो. अशा कामात तेवढं पुरत नाही, कारण तीच आकृती आणि तेच पार्ट घेऊन दुसरा विद्यार्थी ५० नॅनोसेकंदांचा पल्स काढेल. म्हणून वहीत आणि थीसिसमध्ये लूपचा नकाशा द्या: कोणत्या थरावरून करंट गेला, कोणत्या थरावरून परतला, प्रत्येक भागाच्या वाट्याला किती नॅनोहेन्री आले. शेजारी सेन्सरची बँडविड्थ, केबलींची लांबी आणि शून्य चाचणीचा आलेख चिकटवा. व्हायवाला ‘हा काटा डिव्हाइसचा कशावरून?’ असा प्रश्न आला, की तेच पान उघडायचं.